स्वस्त कडक चीज आणि अस्सल इटालियन चीज: तुलना करायची तर अशी करा

‘स्वस्त पार्मेजान आणि अस्सल पार्मिजानो रेज्जानो यांत काहीच फरक नाही’ असे सांगणारे भेटतात. ‘स्वस्त चीज तोंडातही घालू नये’ असे ठणकावणारेही भेटतात. पार्मिजानो रेज्जानो हे इटलीतले मुरवलेले कडक चीज, आणि पार्मेजान हे त्याच्या धर्तीवरच्या चीजला अनेक देशांत लावले जाणारे नाव. तुलना कशी केली, हे विचारले की दोघांचे उत्तर बहुधा सारखेच असते. एक चीज फ्रिजमधून काढून गारच चाखलेले, दुसरे किसून डब्यात भरलेले. एक गाईच्या दुधाचे, दुसरे मेंढीच्या. एक सहा महिने मुरलेले, दुसरे दोन वर्षे. अशा चाखण्यात वय, तापमान आणि किसणी यांचीच तुलना होते आणि चीज बाजूला राहते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. निकाल सर्वांत जास्त बिघडतो तो तयारीत, म्हणून पहिल्या चार टप्प्यांना वेळ द्या.

साहित्य: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एकच किसणी, आखूड बोथट सुरी, सारख्या आकाराच्या पांढऱ्या बशा, चिठ्ठ्या, पेन, साधे पाणी, बिनमिठाचा पाव आणि मदतीला एक माणूस. या माणसाशिवाय सहावा टप्पा होत नाही, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.

## टप्पा १: आधी जोड्या लावा

कुठल्याही स्वस्त चीजची तुलना कुठल्याही इटालियन चीजशी करता येत नाही. जोडी लावताना तीन गोष्टी जुळायला हव्यात: दूध कोणत्या जनावराचे, चीज किती मुरलेले आणि ते कोणत्या रूपात विकत घेतलेले.

दूध. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही गाईच्या, अंशतः साय काढलेल्या कच्च्या दुधाची चीज आहेत. पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचे असते. खारट, तिखटसर आणि वासाला उग्र. स्वस्त चीजच्या वेष्टनावर नुसते ‘रोमानो’ असेल तर ते मेंढीचे असेलच असे नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार रोमानो गाईच्या, शेळीच्या किंवा मेंढीच्या दुधाचे असू शकते. गाईचे रोमानो आणि मेंढीचे पेकोरिनो शेजारी ठेवून ‘स्वस्तात दम नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. ती दोन वेगळी चीज आहेत.

वय. पार्मिजानो रेज्जानो किमान १२ महिने मुरवावेच लागते. बाजारात २४ महिन्यांचे सर्रास मिळते आणि ३६ महिन्यांचेही मिळते. ग्राना पादानो किमान ९ महिन्यांचे असते आणि २० महिन्यांच्या पुढे त्याला ‘रिझेर्वा’ म्हणतात. पेकोरिनो रोमानो नुसते खाण्यासाठी किमान ५ महिने आणि किसण्यासाठी किमान ८ महिने मुरवतात. स्वस्त चीजमध्ये मात्र वयाची तफावत फार मोठी असते. अमेरिकेत ‘पार्मेजान’ म्हणून विकायचे तर किमान १० महिने मुरवणे बंधनकारक आहे. पण ‘इटालियन पद्धतीचे कडक चीज’ एवढेच लिहिलेल्या तुकड्याच्या वयाची कसलीच हमी नसते.

रूप. तुकड्याची तुलना तुकड्याशीच करा. किसलेल्या चीजचा वास हवेत उडून जातो. शिवाय ते गुठळू नये म्हणून त्यात बरेचदा सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतू, किंवा स्टार्च मिसळलेले असते.

या तीन जोड्या चांगल्या जमतात:

1. ९ ते १६ महिन्यांचे ग्राना पादानो आणि गाईच्या दुधाचे स्वस्त कडक चीज. पहिल्यांदाच तुलना करत असाल तर इथूनच सुरुवात करा.
2. पार्मिजानो रेज्जानो आणि वय स्पष्ट छापलेले स्वस्त पार्मेजान. दोघांच्या वयात चार-सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.
3. पेकोरिनो रोमानो आणि मेंढीच्या दुधाचे दुसरे एखादे स्वस्त कडक चीज.

अर्जेंटिनात इटालियन स्थलांतरितांनी सुरू केलेले ‘रेज्जानितो’ मिळाले तर पहिल्या जोडीत बसवा. त्याचे चाक, म्हणजे चीजचा अख्खा गोल गड्डा, पार्मिजानोच्या चाकापेक्षा बरेच लहान असते, म्हणून ते लवकर मुरते. त्याची चव चांगली जमलेली असते, आणि या किमतीच्या चीजमध्ये माझ्या मते ते सर्वांत प्रामाणिक आहे.

> सावधान: ३६ महिन्यांचे पार्मिजानो पहिल्या तुलनेत आणू नका. त्याच्यापुढे १२ महिन्यांचे अस्सल पार्मिजानोसुद्धा फिके वाटते. मग स्वस्त चीजबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

## टप्पा २: लेबल आणि साल वाचा

चव घेण्याआधी कागद वाचून सगळे टिपून ठेवा. नंतर चवीत जे फरक जाणवतील, त्यांतल्या निम्म्यांचे कारण इथेच सापडते.

अस्सलपणाची खूण. पार्मिजानो रेज्जानोच्या सालीवर चाकाच्या सर्व बाजूंनी टिंबाटिंबांनी नाव कोरलेले असते. चाकावर चीजघराचा क्रमांक आणि बनवल्याचा महिना व वर्षही असते. लहान तुकड्यावर त्यातली दोन-तीन अक्षरे दिसली तरी पुरे. ग्राना पादानोच्या सालीवर समभुज चौकटींत त्याचे नाव असते. या दोघांना आणि पेकोरिनो रोमानोला युरोपात १९९६ पासून मूळस्थानाचे संरक्षण आहे. वेष्टनावर त्याची लाल-पिवळी गोल मुद्रा आणि ‘डीओपी’ ही अक्षरे शोधा.

पार्मिजानो रेज्जानो पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या प्रांतांत, रेनो नदीच्या डाव्या तीरावरच्या बोलोन्यात आणि पो नदीच्या उजव्या तीरावरच्या मांटुआतच बनते. ‘पार्मेजान’ या शब्दाचा अर्थ मात्र देशागणिक बदलतो. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये दिलेल्या निकालानंतर युरोपीय संघात हे नाव पार्मिजानो रेज्जानोसाठीच राखलेले आहे. इतर अनेक देशांत मात्र कुणीही बनवलेल्या कडक चीजला ते लावता येते.

घटक. पार्मिजानोच्या यादीत दूध, मीठ आणि दूध साकळवणारे रेनेट एवढेच असते. ग्राना पादानोमध्ये बहुधा अंड्यातून काढलेले लायसोझाइमही असते. तिथे गाईंना सायलेज, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, घालायला परवानगी आहे. या चाऱ्यातून येणारे जिवाणू चीज फुगवू शकतात आणि लायसोझाइम त्यांना आवरते. पार्मिजानोसाठी सायलेजलाच बंदी आहे, त्यामुळे लायसोझाइम लागत नाही. स्वस्त चीजच्या यादीत लायपेझ दिसले तर त्यावर खूण करा. ते दुधातले मेद लवकर फोडून तिखट, उग्र वास आणते, आणि कमी मुरलेले चीज त्यामुळे जास्त मुरल्यासारखे भासते.

मीठ. १०० ग्रॅममध्ये किती, हा आकडा लिहून घ्या. लेबलवर सोडियम दिले असेल तर त्याला २.५ ने गुणा म्हणजे मीठ मिळेल. दोन चीजच्या मिठात मोठा फरक असेल तर ‘ज्यात मीठ जास्त ते चवदार’ असा कौल नकळत पडतो. जोडी बदलणे शक्य नसेल तर निदान हा आकडा चाखून झाल्यावर पुन्हा पाहा.

> सावधान: तिन्ही अस्सल चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेले रेनेट असते. पार्मिजानो आणि ग्रानात ते वासराचे, पेकोरिनो रोमानोत कोकराचे. स्वस्त चीजमध्ये बऱ्याचदा सूक्ष्मजीवांपासून बनवलेले रेनेट असते. चाखायला येणाऱ्यांत कुणी शाकाहारी असेल, किंवा कुणाला अंडे चालत नसेल, तर बशी पुढे करण्याआधी सांगा.

## टप्पा ३: खरेदी आणि ठेवण

दोन्ही तुकडे एकाच दिवशी, सारख्या वजनाचे घ्या. प्रत्येकी २०० ग्रॅम पुरतात. साल दोन्हींना असावी. चाकाच्या आतल्या गाभ्यातला तुकडा मऊ आणि सौम्य असतो, सालीजवळचा कोरडा आणि तीव्र. एकाचा गाभा आणि दुसऱ्याची कड अशी तुलना नको. सालीपासून गाभ्यापर्यंत जाणारी फोड मिळाली तर उत्तम.

दुकानात किती दिवस कापून ठेवले आहे ते पाहा. कडा पारदर्शक, पिवळ्या-तपकिरी झाल्या असतील तर तो तुकडा वाळलेला आहे. अशा तुकड्यावरून अस्सल चीजला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत.

घरी आणल्यावर मेणकागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. नुसत्या प्लास्टिकमध्ये आवळून ठेवले तर पृष्ठभाग ओलसर होतो आणि प्लास्टिकचा वास लागतो. हवा काढून बंद केलेली पाकिटे तशीच राहू द्या, पण दोन्ही एकाच वेळी उघडा.

तपासणी: आतल्या भागावर पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. पार्मिजानो आणि जुन्या ग्रानात ते टायरोसिनचे कण असतात, प्रथिने मुरताना तयार झालेले, आणि दाताखाली कुरकुरतात. बुरशी मात्र केसाळ, मऊ आणि पसरणारी असते.

## टप्पा ४: चाखण्याच्या दिवसाची मांडणी

गार चीजमधला मेद घट्ट असतो आणि वास सुटत नाही. म्हणून दोन्ही तुकडे चाखण्याआधी किमान एक तास बाहेर काढा. हवा काढून बंद केलेल्या पाकिटाला उघडताच एक कोंदट वास येतो, तोही या तासात उडून जातो. खोलीत कांदा-लसूण परतलेले नसावे, उदबत्ती किंवा अत्तर नसावे. चाखणाऱ्यांनी अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी घेऊ नये.

एकाहून जास्त जोड्या चाखायच्या असतील तर त्यांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवा. कमी मुरलेले आधी, जास्त मुरलेले नंतर. गाईचे आधी, मेंढीचे शेवटी. पेकोरिनो एकदा तोंडात गेले की त्यानंतर ग्राना पादानो पाणचट वाटते.

एका बैठकीत चारपेक्षा जास्त चीज नकोत. मीठ आणि मेद यांनी जीभ लवकर थकते, आणि पाचव्या चीजला ‘ठीक आहे’ याखेरीज शेरा मिळत नाही.

## टप्पा ५: फोडा, पाहा, हुंगा

इथे अजून तोंडात काही घालायचे नाही.

पार्मिजानो आणि ग्राना ही रवाळ चीज. इटालियन भाषेतला ‘ग्राना’ म्हणजे दाणा, आणि चीजला ते नाव या पोतावरूनच मिळाले आहे. बोथट सुरीचे टोक तुकड्यात खुपसून हळू पिरगाळा. अस्सल तुकडा आतल्या रव्याप्रमाणे फुटतो, कडा खडबडीत राहतात आणि कपच्या निघतात. स्वस्त चीज बरेचदा फुटायचे सोडून वाकते, किंवा साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत कापले जाते. त्याचा अर्थ त्यात पाणी जास्त आहे किंवा ते पुरेसे मुरलेले नाही. पार्मिजानोमध्ये पाणी साधारण ३० टक्के असते. तेवढेच पाणी असलेले स्वस्त चीज नीट फुटले, तर त्याच्या बाजूने पहिली चांगली नोंद करा.

रंगावरून काही ठरवू नका. गाई काय खातात त्यावर फिकट पांढऱ्यापासून गवती पिवळ्यापर्यंत छटा बदलतात, आणि जास्त पिवळे म्हणजे जास्त जुने असे नसते.

वास फोडल्याबरोबर घ्या, नुकत्या उघडलेल्या कडेचा. कमी मुरलेल्या चीजला दूध, लोणी, दही यांचा वास येतो. चांगले मुरलेल्याला सुकामेवा, पिकलेल्या अननसासारखी फळाची छटा आणि उकडलेल्या रश्शाचा भरीव वास. ओकारीची आठवण करून देणारा आंबूस वास ब्युटिरिक आम्लाचा असतो. थोडा असला तर चालतो. पण तो एकटाच पुढे येत असेल आणि घटकांत लायपेझ असेल, तर कारण तुमच्या टिपणात आधीच लिहिलेले आहे.

## टप्पा ६: चाखणे, तेही न बघता

या टप्प्याकडे सगळ्यात जास्त लोक पाठ फिरवतात, आणि त्यावाचून बाकी मेहनत वाया जाते. कोणता तुकडा महाग हे ठाऊक असले की जीभ त्याच्याच बाजूने बोलते. हे प्रत्येकाचे होते, अनुभवी स्वयंपाक्याचेही.

1. मदतनिसाने साल काढून सारख्या आकाराचे, साधारण ५ ग्रॅमचे तुकडे करावेत. कपचीचा आकार ओळख देऊन जातो, म्हणून या फेरीत दोन्ही चीज सुरीने कापा.
2. तीन बशा मांडा. दोन बशांत एकच चीज, तिसरीत दुसरे. बशीखाली चिठ्ठी उलटी ठेवा.
3. चाखणाऱ्याने वेगळी बशी ओळखायची. चीज चावून जिभेवर पसरू द्या, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. गिळल्यावर दहापर्यंत मोजा आणि मग लिहा.
4. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाण्याचा घोट आणि पावाचा तुकडा.
5. असे सहा वेळा. प्रत्येक वेळी मदतनिसाने बशांचा क्रम आणि दोनदा येणारे चीज बदलावे.

सहापैकी पाच किंवा सहा वेळा वेगळी बशी ओळखली तर फरक खरोखर कळतो आहे. नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. चार वेळा आले तर संशय धरा, कारण दहातल्या एकाला तेवढे अंदाजानेही जमते. तीन किंवा त्याहून कमी म्हणजे या जोडीत तुम्हाला फरक कळतो असे म्हणता येत नाही. तसे निघाले तर आनंदाने स्वस्त घ्या.

फरक ओळखता आला तरच पसंतीचा प्रश्न येतो. ‘कोणते आवडले’ एवढ्यावर भागवू नका. चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मीठ, आंबटपणा, रुची किती वेळ टिकते आणि शेवटी काय उरते. टिकाऊ रुची हीच दीर्घ मुरवणीची खरी कमाई आहे. प्रथिने फुटत जातात, ग्लुटामेट मोकळे होते आणि तोंड भरून राहणारी ती चव तयार होते. स्वस्त चीज पहिल्या घासाला अगदी बरोबरीचे वाटते आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला संपते. गिळल्यावर दहा मोजायचे ते त्यासाठी.

> सावधान: शेवटी कडवटपणा उरत असेल तर तो दोष म्हणून नोंदवा, ‘जुनेपणा’ म्हणून नाही. चांगले मुरलेले चीज कडू लागत नाही.

## टप्पा ७: शिजवून पाहा

नुसते खाऊन जिंकलेले चीज पातेल्यात जिंकेलच असे नाही. दोन्ही चीज त्याच वेळी, त्याच किसणीवर किसा आणि वजन करून घ्या. चमच्याने मोजू नका. बारीक किसलेले चीज फुलते, आणि एक चमचा कधी ३ ग्रॅमचा तर कधी ७ ग्रॅमचा होतो.

साधा पास्ता. १०० ग्रॅम पास्ता, १० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २० ग्रॅम चीज, थोडे पास्त्याचे पाणी. पातेले आचेवरून उतरवा, उकळी पूर्ण थांबू द्या, मग चीज घाला. उकळत्या पाण्यात कुठलेही कडक चीज गुठळते आणि पेकोरिनो तर हमखास. चांगले मुरलेले चीज पाण्यात मिसळून दाटसर, एकजीव होते. तारा सुटल्या तर चीज तरुण आहे.

गरम सूप. मीठ न घातलेल्या भाजीच्या पाण्याच्या वाटीत ५ ग्रॅम चीज. अस्सल आणि स्वस्त यांतला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. वाफेबरोबर वास वर येतो आणि लपायला दुसरी चव नसते.

ओव्हन. टोमॅटोच्या सॉसवर पसरून २०० अंशांवर वर सोनेरी होईपर्यंत. इथे स्वस्त चीज बहुधा बरोबरी करते. टोमॅटोची आंबटगोड चव आणि भाजण्याचा खमंगपणा बारीक छटा झाकून टाकतात. महागडे पार्मिजानो असे भाजणे मला तरी पटत नाही. सेल्युलोज घातलेले किसलेले चीज मात्र इथेही मार खाते. ते नीट वितळत नाही, कोरडे राहते.

साल. पार्मिजानोची साल म्हणजे वाळलेले चीजच, तिच्यावर लेप नसतो. वरचा भाग खरवडून धुवून ती डाळीच्या किंवा भाजीच्या सूपमध्ये तासभर मंद शिजवा. सूपला भरीवपणा येतो आणि साल मऊ होते. तुकड्याची किंमत काढताना हा फायदा धरायला हवा.

> सावधान: स्वस्त चीजच्या सालीवर मेण, प्लास्टिकचा लेप किंवा नाटामायसिन हे बुरशीरोधक, म्हणजे ई २३५, असू शकते. लेबलवर ‘साल खाण्यायोग्य नाही’ असे असेल किंवा काहीच नसेल, तर ती पातेल्यात घालू नका. काळा लेप दिलेल्या पेकोरिनोची सालही टाकून द्या.

## टप्पा ८: हिशेब पदार्थाचा करा, किलोचा नाही

पास्त्याच्या फेरीत अस्सल चीज २० ग्रॅम घातले होते. तीच चव यायला स्वस्त किती लागते ते पाच-पाच ग्रॅम वाढवून पाहा. समजा ३० ग्रॅम लागले आणि स्वस्ताचा दर अस्सलच्या निम्मा आहे. दीडपट चीज निम्म्या दराने, म्हणजे खर्च पाऊणपट. बचत निम्मी वाटली होती, ती पाव निघाली. वर मीठ आणि मेदही दीडपट पोटात गेले. ४० ग्रॅम लागले तर बचत शून्य.

कितीही वाढवले तरी चव तिथवर पोहोचत नाही, नुसता खारटपणा वाढतो, असेही होईल. मग त्या पदार्थासाठी ती जोडी बाद करा आणि मधला पर्याय आजमावा. ग्राना पादानो अस्सल आहे, त्याचे नियम काटेकोर आहेत आणि ते साधारणपणे पार्मिजानोपेक्षा स्वस्त पडते. वरून भुरभुरायला आणि रिसोत्तो, म्हणजे इटालियन मऊ भात, शेवटी घोटायला पार्मिजानो, रोजच्या किसण्याला ग्राना आणि भाजण्याला चाचणीत उतरलेले स्वस्त चीज, अशी वाटणी मला योग्य वाटते. तुमच्या नोंदी वेगळे सांगत असतील तर त्या धरून चाला.

स्वस्त चीजच्या नोंदीपुढे खरेदीची तारीख आणि पाकिटावरचा क्रमांक लिहून ठेवा. पार्मिजानोचे प्रत्येक चाक १२ महिन्यांनंतर तपासले जाते आणि नापास चाकाला नाव मिळत नाही. स्वस्त चीजला असा पहारा नसतो, आणि त्याच नावाखाली दूध, वय किंवा बनवणारा कारखाना बदलू शकतो. नवे पाकीट आणले की सूपची फेरी तेवढी पुन्हा करा. एक वाटी आणि ५ ग्रॅम चीज पुरते.